स्क्रीनवर भरीव, धातूवर कोरं: चिन्हांच्या फॉन्टमधून कोरीवकाम करताना येणाऱ्या अडचणी

कसबा पेठेतल्या एका कुटुंबाने वास्तुशांतीला द्यायचे एकवीस तांबे आणून दिले होते. प्रत्येकावर आडनाव आणि त्याच्या वर कलश, एवढंच काम. कलशाचं चिन्ह चिन्हांच्या एका फॉन्टमधून घेतलं, म्हणजे कळ दाबली की अक्षराऐवजी चित्र देणाऱ्या फॉन्टमधून. पाच आंब्याची पानं, मध्ये नारळ, पोटावर छोटं स्वस्तिक. स्क्रीनवर अगदी काळंभोर, भरीव दिसत होतं. पहिल्या तांब्यावर धातू कोरणारं फायबर लेझर मशीन फिरलं आणि जिथे जिथे एक पान दुसऱ्यावर चढलं होतं, तिथे तांबं तसंच कोरं राहिलं. पाच पानांत चार कोरे चट्टे, शंकरपाळ्याच्या आकाराचे. फोकस हलला असेल म्हणून पुन्हा लावला, पॉवर वाढवली, वेग उतरवला, दुसरा तांब्या चढवला. चट्टे त्याच चार जागी. ते दोन तांबे आम्ही नवे आणून भरून दिले.

त्यातून एक गोष्ट पक्की झाली आणि तीच सगळ्यात आधी सांगतो. चूक मशीनची असेल तर ती जागा बदलते. एका नगावर डावीकडे पुसट, दुसऱ्यावर उजवीकडे. चूक प्रत्येक नगावर जिथल्या तिथे येत असेल तर पॉवर, वेग, फोकस यांना हात लावू नका. फाईल उघडा.

नेमप्लेट, सन्मानचिन्हं, भांडी, दाराच्या पाट्या अशी कामं करणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून हीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत कानावर येते. "नक्षी मध्येच खाल्ली जाते", "एक रेघ हवी होती, दोन येतात", "माझ्याकडे बरोबर दिसतं, त्यांच्याकडे इंग्रजी अक्षर दिसतं". गणपतीच्या आधीच्या महिन्यात मंडळांची सन्मानचिन्हं एकदम येतात तेव्हा तर जास्तच. चिन्हांचे फॉन्ट वापरू नयेत असं माझं म्हणणं नाही. मी रोज वापरतो. वेल, मोर, कमळ, समई, तोरणाच्या पट्ट्या, सगळं एका कळीवर मिळतं आणि कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत. फक्त फॉन्टमधलं चिन्ह हा कच्चा माल आहे, आणि तो निवडून, साफ करून मगच मशीनवर चढवायचा असतो.

चढलेली जागा कोरी का राहते

फॉन्टमध्ये रंग नसतो. असतात त्या फक्त बंद रेघा. त्या रेघांच्या आत काय भरायचं ते समोरचा प्रोग्रॅम ठरवतो, आणि ठरवण्याचे दोन नियम आहेत.

पहिला दिशेचा. चिन्हाच्या आतला एखादा ठिपका घ्या आणि तिथून बाहेर सरळ रेघ ओढली असं समजा. वाटेत लागणारी कड एका दिशेने जात असेल तर एक मिळवायचा, उलट दिशेने जात असेल तर एक वजा करायचा. शेवटी बेरीज शून्य आली नाही तर ती जागा भरायची. फॉन्ट जेव्हा अक्षर म्हणून दिसतो तेव्हा हा नियम लागतो. दोन पानं एकाच दिशेने काढलेली असतील तर चढलेल्या जागी बेरीज दोन येते, म्हणून तिथे भरीव दिसतं.

दुसरा सम-विषमाचा. दिशा बघायचीच नाही, नुसत्या कडा मोजायच्या. विषम आल्या तर भरायचं, सम आल्या तर सोडायचं. पानावर पान चढलेल्या जागी कडा दोन, म्हणजे सम, म्हणजे कोरं. लेझर चालवणाऱ्या लाइटबर्न या प्रोग्रॅमचा फिल याच हिशेबाने चालतो आणि फायबर मशीनवरचं हॅच, म्हणजे आकृती बारीक रेघांनी भरणं, तेही सहसा याच हिशेबाने होतं. म्हणजे मशीन चुकलेलं नसतं. स्क्रीन एका नियमाने दाखवत होती आणि मशीनने दुसऱ्या नियमाने कोरलं.

म्हणून पहिली तपासणी वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात. कोरल आणि इंकस्केप हे आकृत्या काढायचे प्रोग्रॅम. कोरलमध्ये व्ह्यू मेन्यूत वायरफ्रेम आहे, इंकस्केपमध्ये कंट्रोल आणि ५ दाबत गेलं की आउटलाइन येते. रंग गेला की सगळं उघडं पडतं. एका पानाची कड दुसऱ्या पानाच्या पोटातून जाताना दिसली की तिथे चट्टा येणार हे कोरायच्या आधीच कळतं.

दुरुस्ती इंकस्केपमध्ये सोपी पडते. चिन्ह टाइप करा, पाथ मेन्यूतून ऑब्जेक्ट टू पाथ करा, ग्रुप सोडवा आणि त्या एकट्या आकृतीवरच युनियन द्या. चढलेल्या कडा विरघळून बाहेरची एकच कड राहते आणि स्वस्तिकासारखी आतली भोकं जागेवर राहतात. कोरलमध्ये जरा जपून करावं लागतं. कंट्रोल क्यू करून कर्व्ह केले, म्हणजे अक्षराची नुसती आकृती केली, कंट्रोल के करून तुकडे सुटे केले, की आतली भोकंसुद्धा भरीव तुकडे होऊन वर बसतात आणि चिन्ह काळा ठोकळा दिसतं. इथे बरेच जण घाबरून मागे फिरतात. फिरू नका. एकमेकांवर चढलेली पानं तेवढी निवडा, वेल्ड करा, म्हणजे जोडून एक आकृती करा, मग भोकाचे तुकडे आणि बाहेरची आकृती एकत्र निवडून कंट्रोल एलने कम्बाइन करा. भोकं परत उघडतात. सगळं एकदम निवडून वेल्ड केलंत तर मोराचा डोळा, कलशावरचं स्वस्तिक, समईची जाळी, सगळं पोटात जाईल.

चिन्ह लाइटबर्नमध्येच अक्षर म्हणून टाकत असाल तर फॉन्टच्या पट्टीत वेल्ड चालू करा. तिथे फिलमध्ये प्रत्येक आकृती वेगळी भरायचाही पर्याय आहे, आणि तो लावून चट्टे गेले असं काही जण सांगतात. चट्टे जातात हे खरं, पण चढलेल्या जागी लेझर दोनदा फिरतो. लाकडावर तो भाग खोल आणि करपट दिसतो. त्यापेक्षा आकृतीच दुरुस्त करावी.

याच्या उलट तक्रारही येते: भोक हवं तिथे भरीव येतं. हौसेने बनवलेल्या फुकट फॉन्टमध्ये बाहेरची आणि आतली कड एकाच दिशेने ओढलेली असते, मग दिशेचा नियम भोकालाही भरतो. असा फॉन्ट फॉन्टफोर्ज या फॉन्ट दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये उघडून करेक्ट डायरेक्शन दिलं की दिशा सुधारतात, आणि तिथेच रिमूव्ह ओव्हरलॅपही आहे. एकाच फॉन्टमधली वीस-पंचवीस चिन्हं लागणार असतील तर एकेक साफ करण्यापेक्षा फॉन्टफोर्जमध्ये एकदम साफ करून घेणं मला बरं वाटतं. आणि फायबर मशीनसाठी ईझीकॅड हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी हॅचच्या खिडकीत ऑल कॅल्कवर टिक आहे का तेही बघावं. ती नसेल तर सुट्या आकृत्या एकेक करून भरल्या जातात आणि भोक बुजतं.

त्यांच्याकडे इंग्रजी अक्षर का दिसतं

या धंद्यातल्या जुन्या डीटीपीवाल्याला, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्याला, हे समजावायला लागत नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीचे आपले देवनागरी फॉन्ट अशाच युक्तीवर चालायचे. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरच असायचं, फॉन्टने फक्त त्यावर 'क'चं किंवा मात्रेचं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की टोप्या आणि टिंबं असलेल्या अक्षरांचा चिखल. नारायण पेठेतल्या किती पत्रिका त्या चिखलातून बाहेर काढाव्या लागल्या असतील!

चिन्हांचे फॉन्ट त्याच घराण्यातले. हर्मान झाप्फ या जर्मन अक्षरकाराचा झाप्फ डिंगबॅट्स १९७८ सालचा. पुढे तो पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरमध्ये आधीपासून बसवलेला यायचा, म्हणून जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टचा विंगडिंग्ज १९९० चा, आणि १९९२ च्या विंडोज ३.१ बरोबर तो घरोघरी गेला. त्यात मोठ्या जे या अक्षरावर हसरा चेहरा आहे. म्हणूनच फॉन्ट हरवला की काही पत्रांत वाक्याच्या शेवटी विनाकारण 'जे' दिसायचा. त्याच फॉन्टमध्ये उलट्या तिरप्या रेघेच्या कळीवर ॐ आहे. आता विचार करा, देवघराच्या पाटीवर ॐ च्या जागी तिरपी रेघ कोरली गेली तर गिऱ्हाइकाला काय वाटेल!

२०१४ च्या युनिकोड ७.० मध्ये विंगडिंग्ज आणि वेबडिंग्जमधल्या बऱ्याच चिन्हांना स्वतःच्या जागा मिळाल्या, पण जुन्या फॉन्टच्या फाईली जिथे होत्या तिथेच आहेत. त्यातली चिन्हं खासगी वापराच्या पट्ट्यात असतात, म्हणजे युनिकोडने कुठल्याच ठरावीक अक्षराला न दिलेल्या जागांवर. काही प्रोग्रॅम कळ दाबल्यावर आपण होऊन तिकडे बघतात, काही बघत नाहीत आणि दुसऱ्याच फॉन्टमधलं साधं अक्षर दाखवतात. इंकस्केपमध्ये विंगडिंग्ज निवडूनही अक्षरच दिसत असेल तर विंडोजच्या कॅरेक्टर मॅपमधून चिन्ह कॉपी करून चिकटवून बघा. तेही जमलं नाही तर फॉन्टफोर्जमधून ते एक चिन्ह एसव्हीजी म्हणून बाहेर काढा.

जुन्या सीडीवरचे फॉन्ट यादीतच दिसत नसतील तर फाईलचं शेपूट बघा. पीएफबी असेल तर तो टाइप वन जातीचा. अडोबीने आपल्या प्रोग्रॅममधला त्याचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढला, आणि इंकस्केप ज्या पँगोवर अक्षरं मांडतं त्याने १.४४ या आवृत्तीपासून, २०१९ सालीच. फॉन्ट खराब झालेला नसतो. तो उघडणारं कोणी उरलेलं नसतं. फॉन्टफोर्ज मात्र अजून उघडतं.

दुसऱ्याच्या मशीनवर जाणारी फाईल नेहमी कर्व्ह करूनच पाठवा, आणि कर्व्ह न केलेली एक प्रत आपल्याकडे ठेवा. नावात काना-मात्रेची दुरुस्ती आली की तीच उपयोगी पडते.

एक रेघ हवी, दोन येतात

स्टीलच्या डब्यावर थरथरत्या पेनाने नाव घालणारा माणूस ज्या रेघेने 'सौ.' लिहितो ती रेघ एकच असते. फॉन्टमध्ये अशी रेघ नसते. तिथे वेलीची बारीक दांडीसुद्धा लांबट बंद आकृती असते, तिला दोन कडा असतात. डायमंड टोकाचं ओरखड्याचं मशीन किंवा पेन दोन्ही कडांवरून फिरतं आणि दांडीची पोकळ नळी होते.

मोठ्या चिन्हाला ही नळी शोभूनही दिसते. लहान पाटीवर मात्र दोन ओरखडे एकमेकांत मिसळून खरबरीत पट्टा होतो. मग तीन वाटा उरतात. आकृती हॅचने भरून घ्यायची. किंवा इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपमध्ये सेंटरलाइन निवडून मधली रेघ काढायची. १.० आवृत्तीपासून ती सोय आहे, पण वेलीच्या फांद्या जिथे फुटतात तिथे रेघ वाकडी येते आणि हाताने सरळ करावी लागते. किंवा मुळातच एकरेघी अक्षरं वापरायची. हर्शी फॉन्ट त्यासाठीच आहेत. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत हर्शी यांनी १९६७ च्या सुमारास नुसत्या रेघांनी अक्षरं काढण्यासाठी ते रचले, आणि आज इंकस्केपमध्ये एक्स्टेन्शन म्हणून मिळतात. त्यांचा भर रोमन अक्षरांवर आहे. साध्या कमळ-स्वस्तिकाची एकरेघी आकृती पेन टूलने स्वतः ओढणं हे दहा मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही ट्रेसपेक्षा ते देखणं होतं.

बारीक रेघा गायब होतात

इथे हिशेब करा, अंदाज नको. फॉन्ट एका चौकटीत काढलेला असतो. जुन्या पोस्टस्क्रिप्ट घडणीत ती चौकट १००० एककांची, ट्रूटाइपमध्ये बहुधा २०४८. समजा १००० एककांच्या चौकटीत मोराच्या पिसाची रेघ ८ एकक जाड आहे. ती चौकट पाटीवर २० मिमी केली तर एक एकक म्हणजे ०.०२ मिमी, आणि पिसाची रेघ ०.१६ मिमी. फायबर लेझरचा ठिपका ०.०५ मिमीच्या आसपास असतो, तो ही रेघ काढेल. लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक कोरणाऱ्या सीओटू लेझर मशीनचा ठिपका ०.१ ते ०.२ मिमी, म्हणजे रेघेएवढाच. तिथे पीस एक तर जाड होईल, नाही तर शेजारच्या पिसाला चिकटेल. रेघ वाचली आणि मधली फट बुजली, असं जास्त वेळा होतं. म्हणून रेघेइतकीच फटही मोजा.

दुसरी फसगत पॉइंटची. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, २५.४ मिमी, हे बरोबर. पण ती चौकटीची उंची, चिन्हाची नव्हे. एका फॉन्टमधलं कमळ चौकट पूर्ण भरतं, दुसऱ्यातलं निम्म्यात बसतं. कर्व्ह केल्यावर मिलिमीटरमध्ये मोजा आणि गिऱ्हाइकाला तेच माप सांगा.

तांबट आळीतल्या मठारकाम केलेल्या भांड्यावर कोरायचं असेल तर बारीक रेघांचं चिन्ह घेऊच नका. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याने पृष्ठभागावर उथळ वाटी तयार झालेली असते. लेझरचा फोकस एकाच उंचीला धरलेला असतो, वाटीच्या तळाशी आणि काठावर तो सारखा बसत नाही. सलग रेघ ठोक्याठोक्याला जाड-पुसट होत जाते. शिवाय त्या ठोक्यांवरून प्रकाश सरकतो तीच त्या भांड्याची शोभा आहे. तिथे मोठं, भरीव, साधं चिन्ह ठेवावं: एक पान, एक ठसठशीत ॐ. कारागिराने इतके ठोके घालून केलेल्या कामावर आपण काही कोरतो आहोत, तर त्याच्या कामाला जागा सोडली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या मशीनवर, सागवानी पाटी करणाऱ्यांची अडचण वेगळी. व्ही बिट, म्हणजे खाली टोकदार असलेलं पातं, जेवढा रुंद भाग मिळेल तेवढा खोल जातो. ९० अंशाच्या बिटला खोली रुंदीच्या निम्मी, ६० अंशाच्या बिटला साधारण ०.८७ पट. चिन्हातला एखादा भाग १२ मिमी रुंद असेल तर ६० अंशाचा बिट तिथे दहा मिमीच्या वर उतरायला बघेल, आणि १२ मिमीच्या फळीत पाठीला जेमतेम दीड मिमी लाकूड उरेल. भरीव गणपतीचं पोट असं फाटतं. खोलीला मर्यादा घाला आणि मधला भाग सपाट बिटने काढा, नाही तर रेघांचं चिन्ह निवडा.

मशीन अडखळत चालतं आणि गोलाई दातेरी येते, ती तक्रार बहुतेक नोडची, म्हणजे रेघ ज्या बिंदूंवर बांधलेली असते त्यांची. छापील नक्षी स्कॅन करून घाईत बनवलेल्या फॉन्टमध्ये एका पाकळीला दीडदोनशे नोड असतात, जिथे सहा पुरतात. इंकस्केपमध्ये सिम्प्लिफाय, कोरलमध्ये शेप टूलवरचं रिड्यूस नोड्स. थोडं थोडं द्या आणि टोकं बघत राहा, कारण पाकळीचं टोक आधी बोथट होतं.

सोंड कुठे वळली

ही अडचण सॉफ्टवेअरच्या कुठल्याच मदतीत सापडणार नाही, आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

अ‍ॅक्रिलिकची सन्मानचिन्हं मागच्या बाजूने कोरतात, म्हणजे पुढून पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. त्यासाठी डिझाईन आरशासारखं उलटं करायचं. अक्षरं उलटी करायला कोणी विसरत नाही, कारण विसरलं तर लगेच दिसतं. चिन्हाचं तसं नाही. एका मंडळाच्या कामात मजकूर उलटा करून झाला होता, गणपतीचं चिन्ह नंतर टाकलं आणि ते सरळच राहिलं. पहिला नमुना हातात घेऊन पुढून बघितला. मजकूर स्वच्छ, कडा सुरेख. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या काकूंनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, हा उजव्या सोंडेचा झाला की!"

मंडळाची मूर्ती डाव्या सोंडेची. सोंडेची बाजू गणपतीच्या स्वतःच्या हाताने मोजतात, आपल्या नव्हे. घरोघरी बसवतात तो बहुधा डाव्या सोंडेचा. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक मानतात. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा एकटा सिद्धटेकचा. ज्याला ही श्रद्धा आहे त्याच्यासाठी ती सोंड म्हणजे तपशील नसतो, देवच वेगळा होतो. नमुना एकच झाला होता म्हणून काम वाचलं. दोनशे नग झाल्यावर कळलं असतं तर ते कुणाच्या हातात ठेवायला मन धजलं नसतं.

स्वस्तिकाचंही तेच. उलटं केलं की वळण बदलतं. युनिकोडमध्ये तिबेटी लिपीच्या पट्ट्यात उजव्या आणि डाव्या वळणाची स्वस्तिकं शेजारी शेजारी आहेत, चार टिंबांची जोडीही आहे. यादीतून घाईत उचलताना एक घर चुकतं. शंख उलटा केला तर नेहमीचा शंख दक्षिणावर्ती होऊन बसतो. ॐ उलटा झाला तर निदान नजरेला खटकतो तरी.

यावर आम्ही आता असं करतो. चिन्ह आणि मजकूर आधी सरळ मांडून, गिऱ्हाइकाला सरळच दाखवून, होकार घेऊन, सगळं एका ग्रुपमध्ये बांधतो आणि मग पूर्ण ग्रुप एकदाच उलटा करतो. उलटं केल्यावर त्यात काहीही नव्याने टाकायचं नाही. टाकायचं असेल तर ग्रुप परत सरळ करायचा. शिवाय ग्रुपच्या बाहेर एका कोपऱ्यात, न कोरल्या जाणाऱ्या लेयरवर, "सोंड डावी" असं लिहून ठेवतो. गिऱ्हाइकाला होकाराच्या वेळी सोंडेबद्दल तोंडाने विचारतो. फोटोवरून ठरवत नाही, कारण मोबाईलचा पुढचा कॅमेराही काही वेळा चित्र उलटं साठवतो.

जाता जाता अ‍ॅक्रिलिकबद्दल: कास्ट शीटवर कोरलेला भाग पांढरा, दुधी उमटतो, एक्सट्रुडेडवर जवळपास पारदर्शकच राहतो. चिन्ह पुसट दिसतं म्हणून फॉन्टला दोष देण्याआधी शीट कुठली आली ते विचारा.

माप बदलून येतं

९६ मिमीची आकृती ९० मिमी येत असेल, किंवा ९० ची ९६, तर फाईल बनवणारा किंवा उघडणारा प्रोग्रॅम जुन्या इंकस्केपच्या हिशेबाने चालतो आहे. ०.९२ आवृत्तीच्या आधी एका इंचात ९० बिंदू धरत, नंतर ९६. आकृती पंचवीसपट मोठी किंवा बारीक ठिपक्याएवढी आली तर डीएक्सएफ फाईलमध्ये इंच आणि मिलिमीटरची गल्लत झाली आहे. २५.४ ने गुणा किंवा भागा. दोन्हीला उपाय एकच: प्रत्येक फाईलमध्ये बाजूला बरोबर १०० मिमीची एक रेघ ठेवा आणि फाईल उघडल्या उघडल्या तीच मोजा.

परवान्याचं

फुकट उतरवलेल्या चिन्हांच्या फॉन्टसोबत एक छोटी मजकुराची फाईल असते. ती वाचा. "फक्त खासगी वापरासाठी" असं लिहिलेलं असेल तर सन्मानचिन्ह विकताना तो फॉन्ट चालत नाही, मग ते मंडळाचं काम का असेना. काही विकतच्या फॉन्टच्या अटींतही चिन्ह एकटंच ठळकपणे विकायच्या वस्तूवर वापरायला वेगळा परवाना मागतात. ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिलेले फॉन्ट, उदाहरणार्थ नोटोची चिन्हं, वापरून केलेलं काम विकायला मोकळीक आहे, फक्त फॉन्टची फाईल एकटीच विकायची नाही. ज्याने महिनोन्‌महिने बसून ती कमळं काढली त्याची मेहनतही मठारकामाच्या कारागिरासारखीच मेहनत आहे. परवाना घ्यायला लागणारे पैसे कामाच्या दरात धरावेत आणि गिऱ्हाइकाला तसं सांगावं. आजवर कोणी त्यावरून काम परत नेलेलं नाही.

आमच्याकडे आता तपासून ठेवलेल्या चिन्हांची एक वेगळी फाईल आहे. प्रत्येक चिन्ह कर्व्ह केलेलं, चढलेल्या कडा काढलेलं, नोड कमी केलेलं. त्याच्या खाली तीन गोष्टी लिहिलेल्या: कुठल्या फॉन्टमधून घेतलं, परवाना कसला, आणि कुठल्या मशीनवर किती मिलिमीटरच्या खाली न्यायचं नाही. ती शेवटची मोजमापं पितळेच्या एका टाकाऊ पट्टीवर ४०, ३०, २०, १५ आणि १० मिमी असं एकच चिन्ह ओळीने कोरून, हातभर अंतरावर धरून ठरवलेली. कलशाच्या खाली लिहिलं आहे: फायबर १५, सीओटू ३०, मठारकामावर घेऊ नये.